‘कीचकवध’, नाशिक आणि नियंत्रणाचे तर्कशास्त्र : एक चिकित्सा

प्रस्तावना

अभिव्यक्तीवरील नियंत्रणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा बंदी घातलेल्या कृतींची यादी म्हणून सांगितला जातो. अशा यादीवरून काय दडपले गेले ते कळते. परंतु कोणत्या गृहीतकाच्या आधारे दडपले गेले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शब्दांतून हिंसा उद्भवते, म्हणून शब्द आधीच रोखले पाहिजेत, हे ते गृहीतक होय. १९०९-१० मधील नाशिकच्या घटनाक्रमाच्या आधारे या गृहीतकाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटनाक्रम काय सांगतो?

जून १९०९ मध्ये गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटल्याच्या मुळाशी होती ‘लघु अभिनव भारतमाला’तील कवितांची छोटी पुस्तिका. नोव्हेंबर १९०९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. कवितांतील देवतांची व शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावे हे केवळ निमित्त असून खरा रोख सरकारविरुद्ध युद्धाकडे आहे, असा न्यायमूर्ती चंदावरकर यांच्या विवेचनाचा आशय होता. येथे न्यायालय एका अर्थाने साहित्यसमीक्षाच करीत होते. मात्र या समीक्षेचा शेवट अंदमानात होणार होता.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबारावांना झालेल्या शिक्षेचा सूड हे त्यामागील प्रमुख कारण होते. त्या रात्री रंगमंचावर होते देवलांचे ‘संगीत शारदा’. हे नाटक जरठ-बाला विवाहाचा धिक्कार करणारे, सर्वस्वी सामाजिक आशयाचे होते. असे असता १९१० च्या आरंभी मुंबई सरकारने बंदी घातली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’वर. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे प्रयोग तोवर तीन वर्षे होत होते.

हा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. कविता लिहिल्या-छापल्याबद्दल शिक्षा झाली. शिक्षेतून सूडाची प्रेरणा मिळाली. सूडानंतर नाटकावर बंदी आली. जॅक्सन यांच्या हत्येचे समर्थन करण्याचा येथे प्रश्नच नाही. प्रश्न कार्यकारणभावाचा आहे. ज्या दंडामुळे हिंसा टळेल असे सांगितले जात होते, तो दंडच या साखळीतील एक दुवा ठरला.

‘कीचकवध’ : दोन वाचने

लंडनच्या ‘टाइम्स’ने व पुढे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या ग्रंथात या नाटकाची उकल केली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, अशी ती उकल होती. ती चुकीची होती असे म्हणता येणार नाही; मराठी प्रेक्षकही हे नाटक तसेच पाहत असत. तथापि ती अपुरी होती. कर्झन यांनी १९०५ मध्येच हिंदुस्थान सोडला होता. नाटक केवळ त्यांच्यावर बेतलेले असते, तर ते रंगमंचावर येण्यापूर्वीच शिळे झाले असते. नाटकाचे मर्म युधिष्ठिर आणि भीम यांच्यातील पेचात आहे : अपमान डोळ्यांदेखत घडत असताना दिलेला शब्द व धरलेला संयम कोठवर पाळावा? नियंत्रकाचे वाचन सूक्ष्म असते, पण ते एकाच अर्थापाशी थांबते. कृतीची अनेकार्थता त्याच्या लेखी पुरावा ठरते, गुण नव्हे.

नियंत्रणामुळे लेखकाला रूपकाचा आश्रय घ्यावा लागतो व त्यातून कला समृद्ध होते, असे काही अभ्यासक मानतात. ‘कीचकवध’ वरवर या मताला दुजोरा देतो. परंतु रूपकाचे कवच सत्ताधाऱ्याला त्याची उकल होईपर्यंतच टिकते. फेब्रुवारी १९१० च्या मुद्रण कायद्याने तर छापखान्यांकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत तारण मागण्याची सोय केली. त्यामुळे लेखकाआधी मुद्रकच संहितेवर लाल रेघ ओढू लागणे स्वाभाविक होते. खाडिलकर पुढे ‘मानापमान’ (१९११), ‘विद्याहरण’ (१९१३), ‘स्वयंवर’ (१९१६) अशा संगीत नाटकांकडे वळले. या वळणाचे श्रेय वा दोष एकट्या बंदीला देणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र बंदी वगळून त्याचा विचार करणेही तितकेच अपुरे आहे.

स्वातंत्र्योत्तर वारसा

१८७६ चा नाट्यप्रयोग कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये घटनाबाह्य ठरविला आणि संसदेच्या निरसन कायद्याने २०१८ मध्ये तो कायदेपुस्तकातूनही गेला. त्यामागील तर्क मात्र गेला नाही. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची पूर्वपरवानगीची व्यवस्था रुजली. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जावे लागले. २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी या पूर्वपरीक्षणालाच न्यायालयात आव्हान दिले. एस. रंगराजन प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्ती आणि संभाव्य धोका यांतील संबंध दूरान्वयाचा नव्हे, तर प्रत्यक्ष व निकटचा असला पाहिजे, अशी कसोटी घालून दिली. तो निकाल चित्रपटाविषयीचा होता. परंतु ही कसोटी नाशिकच्या घटनाक्रमाला लावून पाहिली, तर ‘कीचकवधा’वरील बंदी तीवर टिकत नाही.

निष्कर्ष

नियंत्रणाचा सर्वांत खोल परिणाम बंदी घातलेल्या कृतीवर होत नाही. तशी कृती इतिहासात नोंदली जाते, तिचा अभ्यास होतो. खरा परिणाम लिहिल्याच न गेलेल्या कृतीवर होतो आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पूर्वपरवानगीची व्यवस्था या न लिहिण्याला शिस्तीचे रूप देते. म्हणून शब्द आणि हिंसा यांतील संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी लेखकावर नव्हे, तर बंदी मागणाऱ्यावर असली पाहिजे. नाशिकच्या १९०९ च्या अनुभवातून काढता येणारा हा किमान धडा होय.