शाल, नारळ आणि पेटी

आमच्या शहापुरात सत्काराला तोटा नाही. शाल, नारळ, फेटा आणि चार भाषणे यांवाचून आमचा एकही समारंभ पार पडत नाही. यात नुसती हौस आहे असे मात्र कुणी समजू नये. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून आमच्याकडे वाङ्मय आणि चळवळ एकाच मांडवात नांदत आली आहेत. आपल्या माणसाच्या खांद्यावर शाल घालणे म्हणजे आपण अजून येथे आहोत असे सांगणे, अशी आमची भावना. म्हणूनच पुरस्कारांची चिकित्सा करू गेले की लोकांना रुचत नाही. तरी ती एकदा करावी असे मला वाटते, आणि त्यासाठी एखादी हलकी संस्था न निवडता ज्या संस्थेविषयी माझ्या मनात आदर आहे तीच घेतो : नाशिकचे कुसुमाग्रज प्रतिष्ठान.

१९८७ सालचे ज्ञानपीठ मिळाल्यानंतर वि. वा. शिरवाडकरांनी आपले नाव आणि आपली पुण्याई या प्रतिष्ठानच्या पाठीशी उभी केली. १९९१ पासून दर दोन वर्षांनी एका साहित्यिकाला ‘जनस्थान’ पुरस्कार दिला जातो. मधल्या वर्षी ‘गोदावरी गौरव’ असतो, आणि तो केवळ साहित्यापुरता नाही. संगीत-नृत्य, नाट्य-चित्रपट, चित्र-शिल्प, ज्ञान-विज्ञान, क्रीडा-साहस आणि लोकसेवा अशा सहा क्षेत्रांतील माणसे त्यात येतात. कवीच्या नावाने चालणारी संस्था खेळाडूला आणि लोकसेवकालाही आपला मानते, ही दृष्टी खास शिरवाडकरांची आहे.

आता ‘जनस्थान’ची यादी पाहू. विजय तेंडुलकर, विंदा करंदीकर, इंदिरा संत यांच्यापासून २०२३ च्या आशा बगे आणि २०२५ च्या सतीश आळेकरांपर्यंत अठरा नावे झाली. यातले एकही नाव खटकत नाही. नारायण सुर्वे (२००५) आणि बाबुराव बागूल (२००७) यांना लागोपाठ मान देणारी निवड तर धीट म्हणावी अशी. पण यादी नीट वाचली की दोन गोष्टी ध्यानात येतात. अठरांत स्त्रिया तीनच. इंदिराबाईंना १९९५ मध्ये हा मान मिळाल्यावर विजया राजाध्यक्षांपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, बावीस वर्षे एकाही लेखिकेचे नाव यादीत नाही. मराठीत त्या बावीस वर्षांत लेखिकांचा दुष्काळ पडला होता, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट याहून मूळची आहे. बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आले. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या या लेखकापर्यंत नाशिकचा हा मान पोहोचला तेव्हा त्या पुस्तकाला चव्वेचाळीस वर्षे झाली होती, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. प्रतिष्ठान १९६३ मध्ये नव्हतेच, तेव्हा दोष कोणाचा नाही. परंतु समग्र कर्तृत्वाला दिला जाणारा पुरस्कार असाच असतो. पीक घरात आल्यावर तो शेतकऱ्याचे अभिनंदन करतो. पेरणीच्या वेळी तो बांधावर नसतो.

खुद्द शिरवाडकरांच्या पेरणीच्या वेळी मात्र कोणी तरी बांधावर होते. १९४२ साली ‘विशाखा’ निघाली ती वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन, स्वतःच्या पैशाने छापली म्हणून. कवी तेव्हा तीस वर्षांचा होता. पंचाहत्तराव्या वर्षी मिळालेल्या ज्ञानपीठाने कुसुमाग्रजांची कविता घडवली नाही. खांडेकरांच्या त्या खर्चाने मात्र ती महाराष्ट्राच्या हाती पडली. एकाच आयुष्यातले हे दोन आश्रय शेजारी ठेवून पाहिले की कोणत्याही प्रतिष्ठानकडे काय मागावे ते कळते.

राजाश्रयाची गोष्ट तर आम्हा शहापूरकरांना नवी नाही. आमचे गाव सांगली संस्थानातले. त्याच संस्थानच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले. १८५१ मध्ये राजा गेला आणि भाव्यांचा आश्रय तुटला. त्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ केले, मुंबईत तिकीट लावले, आणि मराठी नाटक प्रेक्षकांच्या बळावर उभे राहिले. आश्रयदात्याने सुरुवात करून द्यावी. पुढे प्रेक्षक आणि वाचकच लागतो. आजची प्रतिष्ठाने राजाच्या जागी आली आहेत. तेव्हा त्यांची परीक्षा त्यांनी किती शाली वाटल्या यावर न होता किती वाचक जोडले यावर व्हायला हवी.

इंदिराबाईंच्या पुरस्काराची बातमी आली तेव्हा आमच्याकडे केवढा आनंद झाला होता! निपाणीजवळच्या तवंदीत बालपण गेलेली, बेळगावात शिक्षकी पेशात आयुष्य काढलेली ही कवयित्री. एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला ‘जनस्थान’ मिळाले. जणू पुरस्कार आम्हालाच मिळाला, अशा थाटात आम्ही बोलत होतो. पण त्या आठवड्यात ‘मेंदी’ किंवा ‘गर्भरेशीम’ पुन्हा उघडून वाचणारे आमच्यात किती होते? मीही त्यांत नव्हतो.

याहून मोठी चूक माझ्या हातून त्यानंतर घडली. एका संस्थेच्या शालेय निबंधस्पर्धेचा मी परीक्षक होतो. विषय ‘माझी आजी’. बहुतेक निबंध गाइडमधून उतरवलेले, सगळ्या आज्या एकसारख्या प्रेमळ. एका विणकराच्या मुलीने मात्र आपल्या आज्जीच्या मागाविषयी लिहिले होते. घरी बोलतात तसाच तिने त्याला ‘मग्ग’ हा कानडी शब्द वापरला होता. मग्गाचा आवाज थांबला की आपल्याला जाग येते, असे काहीसे त्यात होते. मी ‘मग्ग’खाली तांबडी रेघ ओढली, शुद्धलेखनाचे गुण कापले आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. बक्षीस म्हणजे स्टीलचा पेला. पहिला क्रमांक गाइडमधल्या आजीला गेला.

प्रकाश संतांचे ‘वनवास’ १९९४ मध्येच आले होते आणि ते मी वाचलेही होते. लंपनच्या तोंडची ती कानडी वळणाची, आमच्या गल्लीतली मराठी वाचून मी हरखलो होतो. पुढे ‘शारदा संगीत’ आले. त्यात मुलगा गाण्याच्या वर्गाला जातो, आणि कला शिकणे म्हणजे आधी कान उघडणे, हे संत कसलाही उपदेश न करता दाखवतात. पुस्तकात जी भाषा मला वाङ्मय वाटली, तीच मुलीच्या वहीत अशुद्ध वाटली. इंदिराबाईंच्या मुलाने जे लिहून मान मिळवला, तेच विणकराच्या नातीने लिहिले तर तिच्या वाट्याला तांबडी रेघ. छापून आलेल्या शब्दाला मान द्यायला मी शिकलो होतो; न छापलेला शब्द ओळखायला शिकलो नव्हतो. पुरस्कारांची संस्कृती परीक्षकाला हेच शिकवते. आधी कोणी तरी मान दिलेला असावा, मग आपण देऊ.

म्हणूनच कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते काम ‘जनस्थान’ नव्हे. ते आहे ‘ग्रंथ तुमच्या दारी’. शंभर पुस्तकांची एक पेटी. ती वाचकांच्या एखाद्या गटाकडे जाते, काही महिने राहते, मग तिच्या जागी दुसरी येते. लोकांच्या देणग्यांतून या पेट्या उभ्या राहिल्या. तुरुंगात गेल्या, रुग्णालयात गेल्या, परदेशातल्या मराठी घरांतही पोहोचल्या. यात शाल नाही, भाषण नाही. निवड समितीचीही गरज नाही; निवड वाचक करतो. पेटी दारात आली म्हणजे आतले पुस्तक वाचले जाईलच असे नाही, हा आक्षेप खरा. पण पुस्तक हाताशी नसेल तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

आम्ही सीमाभागातल्या संस्थांनी नाशिककडून उचलायचे असेल तर हे उचलावे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोऱ्यांनी जन्मभर तंबाखूच्या मुलखातील माणसे लिहिली. ‘जनस्थान’च्या अठरांत त्यांचे नाव नाही. ते २०२४ मध्ये गेले. त्यांना कोणता पुरस्कार मिळायला हवा होता यावर आता वाद घालण्यात हशील नाही. त्यांची पुस्तके निपाणीच्या आणि शहापूरच्या किती शाळांत आहेत, हे विचारता येईल, आणि नसतील तर ठेवता येतील. एका सत्काराच्या खर्चात अशी एक पेटी सहज भरेल.

त्या मुलीचे नाव मला आठवत नाही. परीक्षकाला नावे दिलेली नव्हती, फक्त क्रमांक होते. आता निबंध तपासायला बसलो की तांबडी पेन्सिल मी खिशातच ठेवतो.