रंग कोणाचा?

राजाजीनगरात नोव्हेंबर उजाडला की चौकाचौकांत पिवळ्या-तांबड्या पताका लागतात. राज्योत्सवाच्या या पताकांत कन्नड माणसाला हळदकुंकू दिसते, आणि परमुलखातून येऊन येथे स्थिरावू पाहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी माणसालाही ते दिसावयास वेळ लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक बंगाली गृहस्थ मात्र दरवर्षी अर्धवट थट्टेने तक्रार करतात की, महिनाभर शत्रूच्या छावणीत मुक्काम केल्यासारखे वाटते. हे गृहस्थ मोहन बागानचे. तांबडा आणि सोनेरी हे रंग त्यांच्या लेखी ईस्ट बंगालचे, म्हणजे जन्मवैऱ्याचे. आमच्यासारखीच केंद्र सरकारची फिरतीची नोकरी. तीन प्रांतांत संसार मांडून झाला. प्रत्येक बदलीत भांडीकुंडी मोडली, पण हिरव्या-किरमिजी पट्ट्यांचा एक जुना सदरा तेवढा आजवर सुखरूप राहिला आहे.

एकच पताका. तिच्याकडे पाहून एकास देव्हारा आठवतो, दुसऱ्यास पराभव. रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो हे दाखविण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. मग अर्थच नाही, तर एखाद्या फुटबॉल क्लबाने आपला परंपरागत रंग बदलला म्हणून हजारो शहाणीसुरती माणसे रस्त्यावर का येतात? प्रश्न मैदानाचा दिसतो, पण तो साहित्यविचारालाही नवखा नाही. शब्द आणि त्याचा अर्थ यांचे नाते कोणी ठरवावयाचे, हाच तो प्रश्न होय.

मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथातील विचार येथे लावून पाहण्याचा मोह होतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची रचना तपासावयाची ठरविली, तर निळ्या सदऱ्याच्या जागी तांबडा आला म्हणून काही बिघडत नाही. हिरव्या गवतावर तांबडा अधिक उठून दिसेल, असेही कोणी म्हणेल. परंतु प्रेक्षकाचा संताप हा सौंदर्यदृष्टीचा संताप नव्हे. रंगसंगती बिघडली असे कोणीच म्हणत नाही. आपल्या तोंडचा शब्द कोणीतरी परस्पर बदलला, अशा जातीचा तो संताप आहे, आणि त्याचा उलगडा लयतत्त्वाने होत नाही.

वेल्समधील कार्डिफ सिटीचे उदाहरण अलीकडच्या काळात सर्वांत बोलके. १८९९ मध्ये रिव्हरसाइड या नावाने निघालेला हा क्लब १९०८ मध्ये कार्डिफ सिटी झाला आणि त्याच सुमारास त्याने निळा रंग घेतला. १९११ मध्ये मेटरलिंकचे 'निळा पक्षी' हे नाटक त्या गावी झाले आणि त्यावरून खेळाडूंना 'निळे पक्षी' हे टोपणनाव पडले, असे मानतात. त्याच वर्षी मेटरलिंकला नोबेल पारितोषिक मिळाले. एका प्रतीकवादी नाटककाराची प्रतिमा एका फुटबॉल क्लबाने उचलावी आणि शंभर वर्षे छातीवर मिरवावी, ही नाट्यसमीक्षकांनी दखल घ्यावी अशी गोष्ट आहे. एखाद्या कृतीचा सर्वांत दीर्घ प्रयोग कोठे चालू असतो, ते तिच्या कर्त्यालाही ठाऊक नसते.

२०१२ मध्ये क्लबाचे मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी निळ्याचा तांबडा केला. तांबडा आशियात शुभ मानतात, तेथील बाजारपेठेत तो अधिक खपेल, असे कारण सांगण्यात आले. बोधचिन्हावर ड्रॅगन मोठा झाला आणि निळा पक्षी कोपऱ्यात गेला. येथे प्रेक्षकवर्गाची बाजू घेणाऱ्याने एक अवघड गोष्ट कबूल केली पाहिजे. नव्या रंगाबरोबर पैसा येणार होता, आणि त्या पैशासाठी पुष्कळांनी हा बदल मुकाट्याने गिळला. २०१३ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत चढला. १९६२ पासून ती श्रेणी त्याने पाहिली नव्हती. विजयाच्या त्या दिवसांत तांबडे गळपट्टे पुष्कळ दिसले. २०१४ मध्ये संघ पुन्हा खाली घसरला, निळ्याचा घोष वाढला, आणि जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांनी निळा रंग परत दिला. निष्ठेची जी वर्णने आपण वाचतो त्यांतून ही मधली दोन-तीन वर्षे बहुधा गाळलेली असतात. ती गाळू नयेत. माणसे विकत घेता येतात, निदान काही काळ. त्यांनी जे गिळले ते त्यांच्या घशाखाली उतरलेले नव्हते, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथील प्रसंग याहून कडवट आहे. २००५ मध्ये रेड बुल या पेयाच्या कंपनीने तेथील क्लब घेतला आणि त्याचा जांभळा रंग काढून टाकला. चाहत्यांनी विनवणी केली तेव्हा बाहेरगावच्या सामन्यांत गोलरक्षकाच्या मोज्यांपुरता जांभळा ठेवावयाची तयारी दाखविण्यात आली. मोजे! अपमान करण्याचा हेतू नसेलही. रंग म्हणजे केवळ रंगाचे प्रमाण अशी समजूत असलेल्या व्यवहारी माणसाने हिशेबाने केलेली ती तडजोड असेल. पण नकारापेक्षा ती तडजोडच अधिक झोंबली. चाहते उठले, त्यांनी जुन्या नावाचा आणि जांभळ्या रंगाचा नवा क्लब काढला, आणि अगदी तळच्या श्रेणीपासून आरंभ करून २०१५ मध्ये त्याला दुसऱ्या श्रेणीपर्यंत नेले. मराठी वाचकास येथे १९१३ साल आठवेल. त्या वर्षी किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. फरक इतकाच की, आमच्याकडे नट बाहेर पडले आणि प्रेक्षक त्यांच्यामागून गेले. साल्झबर्गात नट जागच्या जागी राहिले आणि प्रेक्षकांनीच नवी मंडळी काढली. रंगभूमीच्या इतिहासात तरी अशी घटना या लेखकाच्या वाचनात नाही.

एवढे वाचून कोणास वाटेल की, परंपरेचा जयजयकार करणे हाच या लेखाचा हेतू आहे. तसे नाही. 'आमचा रंग अनादि आहे' हा चाहत्यांचा आवडता युक्तिवाद मुळातच कच्चा आहे. इटलीतील जुव्हेंटस प्रथम गुलाबी सदऱ्यांत खेळत असे. १९०३ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमहून काळे-पांढरे सदरे आले आणि आज तोच त्यांचा प्राण आहे. लीड्सचा निळा-सोनेरी पोशाख डॉन रेव्ही या व्यवस्थापकाने १९६१ मध्ये बदलून पांढरा केला, आणि तोही रिआल माद्रिदच्या अनुकरणाने. कोणी बंड केल्याचे ऐकिवात नाही; पुढे तो पांढराच लीड्सचा झाला. आणि ईस्ट बंगालचा तो पवित्र तांबडा-सोनेरी? १९२० मध्ये क्लब स्थापन झाला तेव्हा चौरंगीवरील व्हाइटअवे लेडलॉ या विलायती दुकानात टांगलेला एक सदरा संस्थापकांच्या नजरेत भरला, अशी आख्यायिका त्या क्लबाची माणसेच कौतुकाने सांगतात. फाळणीनंतर निर्वासित झालेल्या लक्षावधी पूर्व बंगाल्यांनी ज्या रंगाला आपले हरवलेले गाव मानले, तो मुळात दुकानातला माल होता!

यावरून रंग कोठून आला याला महत्त्व नाही, असे दिसते. शब्दाचेही तसेच असते. मेज, चावी, साबण हे शब्द कोणत्या बंदरात उतरले हे आपण विचारीत नाही. वापरून वापरून ते आपले झाले. रेव्हीने बदललेला रंग चालला, कारण तो संघ उभा करणाऱ्या माणसाने संघासाठी बदलला होता, आणि पुढच्या विजयांनी व त्याहून अधिक पराभवांनी त्यात अर्थ भरला. टॅन यांचा तांबडा चालला नाही, कारण ज्या गिऱ्हाइकासाठी तो आणला ते गिऱ्हाईक कार्डिफच्या पावसात कधी उभे राहिलेले नव्हते. क्लबाचे मैदान, खेळाडूंचे करार, देणीघेणी ही खरेदीखतात लिहिता येतात. रंगाचा अर्थ मात्र विकणाऱ्याच्याही मालकीचा नसतो; मग तो घेणाऱ्याच्या हाती कसा यावा?

मोहन बागानची कथा याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९११ मध्ये अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर पलटणीला नमविणारा हा क्लब १८८९ चा. पैशाशी त्याची गाठ यापूर्वीही पडली होती. १९९८ मध्ये आमच्या या बंगळुरातील युनायटेड ब्रुअरीज समूहाने मोहन बागान आणि ईस्ट बंगाल अशा दोन्ही क्लबांत भागीदारी घेतली, तेव्हा दोघांच्याही नावांमागे मद्याची नावे लागली. एकाच पेढीने दोन्ही वैऱ्यांच्या गळ्यात आपली पाटी अडकवावी, यातला विनोद कोलकात्याला कळला असावा. निदान रंगाला कोणी हात लावला नव्हता. २०२० मध्ये मात्र गोएंका समूहाने ऐंशी टक्के हिस्सा घेऊन आपला एटीके हा संघ मोहन बागानात विलीन केला. एटीके जन्मला २०१४ मध्ये, माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोचे तांबडे-पांढरे पट्टे घेऊन. आता हे पट्टे मोहन बागानच्या अंगावर चढणार, अशी भीती पसरली. त्या जुलैत संचालकांनी हिरवा-किरमिजी रंग आणि पालाच्या होडीचे चिन्ह कायम ठेवले.

तंटा येथे मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. 'एटीके काढा' ही मागणी पुढील तीन वर्षे चालू राहिली. रंग राहिला, पण त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचे नाव बसले. आणि आमचे बंगाली शेजारी म्हणत की, घर आपलेच आहे, फक्त दारावरची पाटी भाडेकरूची आहे. साथीच्या दिवसांत पहिले दोन हंगाम गोव्याच्या जवळजवळ रिकाम्या मैदानांवर झाले. ओरडावयाला प्रेक्षकच नव्हते. तरी निषेध थांबला नाही. या झगड्यात केवळ डोळ्याच्या सवयीचा प्रश्न असता, तर तो रंग वाचताच संपला असता.

१८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला, आणि समोर होता आमचा बंगळुरूचा संघ. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात आम्ही जमलो होतो. घरमालकांचा कॉलेजात जाणारा मुलगा निळ्या सदऱ्यात. तो राजाजीनगरहून मेट्रोने निघून, मॅजेस्टिकला गाडी बदलून, कब्बन पार्कला उतरतो आणि कंठीरव मैदानाच्या पश्चिमेकडील सज्जात उभा राहून ओरडतो. दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर बंगळुरू चार विरुद्ध तीन असे हरले. मुलगा उठून गॅलरीत गेला. थोड्याच वेळात, पुढील हंगामापासून एटीके हे नाव जाऊन मोहन बागान सुपर जायंट असे नाव राहील, अशी मालकांची घोषणा झाली. आमचे शेजारी, ज्यांनी विजयाला साधी टाळीही वाजविली नव्हती, त्यांनी चष्मा काढून पुसला. शेपटीला नवे लेबल चिकटलेच आहे हे त्यांना दिसत होते. 'निदान डोके आपले' एवढेच ते म्हणाले.

पुढे त्याच वर्षी २० मे रोजी ईडन गार्डन्सवर त्याच मालकांचा लखनौचा क्रिकेट संघ हिरव्या-किरमिजी पोशाखात उतरला. हा सन्मान म्हणून केला गेला. शेजाऱ्यांस तो आवडलाही. या लेखकास आवडला नाही. जो रंग एका संध्याकाळपुरता भाड्याने आणता येतो, त्याचे मोल मालकाच्या मनात काय असेल याची शंका येते. पण मोहन बागानच्या माणसाला नको ते शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाही.

राहता राहिला तो निळा सदरा. बंगळुरूचा संघ २०१३ मध्ये एका पोलाद कंपनीने काढला. रंगही कंपनीनेच निवडला. म्हणजे वर मांडलेल्या विचाराप्रमाणे हा रंग अजून दुकानातच टांगलेला असावयास हवा. मी त्या मुलाला हे बोलून दाखविले, आणि उद्या कंपनीने निळा बदलला तर काय करशील, असेही विचारले. तो आत गेला आणि आपले चार हंगामांचे चार सदरे घेऊन आला. पलंगावर शेजारी शेजारी मांडल्यावर चारही निळ्या छटा चार तऱ्हेच्या दिसत होत्या. मी त्याला तसे म्हटले.

"नाही, अंकल," तो म्हणाला, "नीट पाहा. एकच आहे."