परक्या भाषेचे मोल : दिमितर गोचेवच्या दिग्दर्शनाचा विचार

1983 साली सोफियात हायनर म्यूलरच्या 'फिलोक्टेट' या नाटकाचा बल्गेरियन भाषेतील पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक होता दिमितर गोचेव. या प्रयोगाच्या निमित्ताने म्यूलरने दिग्दर्शकाला उद्देशून एक पत्र लिहिले. ते पुढे त्याच्या रंगभूमीविषयक लेखनात समाविष्ट झाले आणि म्यूलरच्या अभ्यासकांना ते चांगले परिचित आहे. नाटककाराने आपल्या नाटकाच्या भाषांतरित प्रयोगाची इतक्या गांभीर्याने दखल घ्यावी, ही गोष्ट नित्याची नव्हे. म्यूलरची नाटके भाषेच्या घनतेवर उभी असतात. ज्या प्रयोगात त्याची जर्मन भाषाच उरलेली नाही, अशा प्रयोगात या लेखकाला आपल्या संहितेविषयी विचार करण्याजोगे काही सापडले, असा या पत्राचा अर्थ होतो. शरीर आणि शब्द यांच्या नात्याचा प्रश्न त्या पत्राच्या गाभ्याशी आहे. गोचेवच्या पुढील तीस वर्षांच्या कार्याचे मर्मही याच प्रश्नात दडलेले आहे.

गोचेवविषयी बोलताना सामान्यतः दोन विशेषणे वापरली जातात. एक, तो 'म्यूलरचा दिग्दर्शक' होता. दुसरे, तो जर्मन रंगभूमीवरचा 'बल्गेरियन' होता. पहिल्या विशेषणाने त्याला भाष्यकाराच्या जागी बसवले जाते, तर दुसऱ्याने त्याच्या प्रयोगांतील विषाद, थट्टा आणि खडबडीतपणा यांचा उगम बाल्कन स्वभावात शोधण्याची सोय होते. दोन्ही विशेषणे वस्तुस्थितीला धरून असली तरी ती वेगवेगळी वापरली की काहीच उलगडत नाहीत. गोचेवला म्यूलर जसा कळला तसा तो कळण्याचे कारणच हे की जर्मन ही गोचेवची मातृभाषा नव्हती.

गोचेवचा जन्म 1943 साली बल्गेरियातील पर्वोमाय या गावी झाला. वडील पशुवैद्य. 1962 साली, म्हणजे बर्लिनची भिंत उभी राहिल्याच्या दुसऱ्याच वर्षी, तो वडिलांबरोबर पूर्व बर्लिनला आला. हुम्बोल्ट विद्यापीठात त्याने आधी पशुवैद्यकाचा आणि नंतर नाट्यशास्त्राचा अभ्यास केला. पुढे डॉयचेस थिएटर आणि फोल्क्सब्यूने या नाट्यगृहांत बेनो बेसाँचा साहाय्यक म्हणून त्याची घडण झाली. बेसाँ हा मूळचा स्विस, फ्रेंचभाषक आणि ब्रेख्तचा सहकारी. ब्रेख्तच्या पश्चात त्याची रंगभूमी सूत्रांच्या चौकटीत गोठू लागली असता तिच्यातील खेळकरपणा, मुखवटे आणि लोकनाट्याचा जोम टिकवून धरणाऱ्यांत बेसाँची गणना होते. म्हणजे गोचेवचा गुरूही जर्मन भाषेत बाहेरून आलेला होता. या योगायोगाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. मात्र परकेपण हे उणेपण न मानणारी एक जागा त्याला उमेदवारीच्या काळातच लाभली, एवढे नोंदवायला हवे.

येथे मराठी वाचकाला एक परिचित दुवा आठवेल. 1970च्या दशकात पूर्व जर्मनीतील वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ याच्या सहकार्याने विजया मेहता यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' सादर केले. त्याचे मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकर यांचे होते. आपल्याकडील ब्रेख्तविचार सूत्रधार, गीते आणि लोकनाट्याचे संकेत यांच्या अंगाने पुष्कळ पुढे गेला, परंतु ब्रेख्तशी भांडत त्याचा वारसा चालवणारी जी पिढी त्याच काळात पूर्व बर्लिनमध्ये उभी राहत होती, तिच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचला. म्यूलर त्या पिढीचा नाटककार, आणि गोचेव तिच्या कडेला उभा असलेला तरुण.

1976 साली गायक-कवी वोल्फ बिअरमानचे नागरिकत्व पूर्व जर्मन शासनाने काढून घेतले आणि तेथील सांस्कृतिक जीवनात एक मोठी फूट पडली. अनेक कलावंत पश्चिमेला गेले. गोचेव 1979 साली उलट दिशेने, बल्गेरियाला परतला. तेथे त्याने 'फिलोक्टेट' हाती घेतले, ही निवड बोलकी आहे. सोफोक्लीझच्या मूळ नाटकात जखमेच्या दुर्गंधीमुळे बेटावर टाकून दिलेल्या फिलोक्टेटीसची अखेर देवत्व पावलेल्या हेराक्लीझच्या आज्ञेने सुटका होते. म्यूलरच्या नाटकात देव नाहीत. निओप्टोलेमस फिलोक्टेटला ठार करतो आणि ओडिसियस त्या प्रेताचाही युद्धासाठी उपयोग करून घेतो : याला ट्रोजनांनी मारले, असे सांगितले की त्याचे सैनिक लढायला तयार होतील. जिवंत माणूस उपयोगी पडला नाही तर त्याचे मढे उपयोगी पडते, हे सत्तेचे गणित 1983च्या सोफियातील प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसणार.

या नाटकात भाषा हे फसवणुकीचे साधन आहे. ओडिसियस निओप्टोलेमसला खोटे बोलायला शिकवतो आणि फिलोक्टेटला दहा वर्षांनी आपली भाषा ऐकू येते, ती नेमकी खोटे बोलणाऱ्याच्या तोंडून. दुसरीकडे जखमी पायाची वेदना मात्र खोटी असू शकत नाही. वाचिक आणि आंगिक यांचा हा विरोध संहितेतच आहे. आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाची ही दोन अंगे परस्परपूरक मानली. म्यूलरच्या नाटकात ती एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. गोचेवने हा विरोध ओळखला आणि पुढे प्रत्येक नाटककाराकडे, मग तो म्यूलर असो, चेखव असो की एस्किलस, तो याच दृष्टीने पाहत राहिला.

1985नंतर तो पश्चिम जर्मनीत काम करू लागला. कोलोन, ड्यूसेलडॉर्फ, बोखुम, हँबुर्ग अशी त्याची वाटचाल झाली. 1991 साली कोलोनमध्ये केलेल्या स्ट्रिंडबर्गच्या 'मिस ज्यूली'साठी 'थिएटर हॉयटे' या नियतकालिकाने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवले. याच वर्षांत त्याचा नटसंच आकार घेत गेला : प्लॉव्हडिव्हमध्ये जन्मलेला सामुएल फिन्त्सी, वोल्फ्राम कोख, आणि गोचेवची पत्नी आल्मूट त्सिल्शर. 2011 साली बर्लिनचा नाट्यपुरस्कार गोचेवला एकट्याला न देता या चौघांना मिळून देण्यात आला, हा निर्णय समीक्षेच्या दृष्टीनेही अचूक म्हणायला हवा. कारण गोचेवच्या प्रयोगांत 'दिग्दर्शकीय संकल्पना' म्हणून वेगळी काढून दाखवता येईल अशी गोष्ट फार थोडी असते. ती नटाच्या उभे राहण्यात, थांबण्यात, वाक्य तोंडात घोळवण्यात विरघळलेली असते.

या पद्धतीचे सर्वांत परिपक्व रूप 2003 ते 2006 या काळात बर्लिनमध्ये झालेल्या तीन प्रयोगांत दिसते. 2003 साली फोल्क्सब्यूनेमध्ये त्याने बेर्नार-मारी कोल्तेसचे आफ्रिकेतील एका परदेशी कंपनीच्या बांधकामस्थळावर घडणारे नाटक केले. आपल्या मृत भावाचे प्रेत मागायला आलेला एक आफ्रिकी माणूस आणि ते देऊ न शकणारे गोरे, एवढाच त्याचा गाभा. पुन्हा प्रेताचाच प्रश्न. परंतु येथे ते वापरायला नको आहे, पुरायला हवे आहे. नेपथ्यकार काट्रिन ब्राकने रंगमंचावर एकही वस्तू ठेवली नाही. प्रयोगभर वरून रंगीबेरंगी कागदाच्या चकत्यांचा पाऊस पडत राहिला. उत्सवाची ही सामग्री अखंड कोसळू लागली की तिच्यातला उत्सव संपतो आणि उरते ते केवळ साचत जाणे. 'आफ्रिका' दाखवण्याचा मोह टाळल्यामुळे आफ्रिकेविषयी युरोपीय मनात असलेली चित्रे प्रेक्षकापुढे आणण्याची गरजच उरली नाही.

2005 साली केलेल्या चेखवच्या 'इव्हानोव्ह'मध्ये ब्राकने केवळ धुके वापरले. पात्रे धुक्यातून वर येत आणि धुक्यात नाहीशी होत. प्रवेश आणि निर्गमन या संकेतांना त्यामुळे अर्थ उरला नाही. फिन्त्सीचा इव्हानोव्ह हा जगण्यातून हळूहळू पुसला जाणारा माणूस होता. हा प्रयोग गाजला, बर्लिनच्या नाट्यमहोत्सवात निवडला गेला, आणि त्याची कीर्ती रास्तच आहे. तरीही येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. 'इव्हानोव्ह' हे कर्जाचे नाटक आहे. इव्हानोव्ह लेबेदेव्ह कुटुंबाचा ऋणको आहे; त्याची पत्नी त्याच्यासाठी आपला ज्यू धर्म सोडून, आईवडिलांकडून तोडली जाऊन आलेली आहे, आणि तिला हुंडा मिळाला नाही याची चर्चा शेजारीपाजारी करत असतात. व्याज, जमीन, जात्यंध कुचाळकी या सर्वांना टणक कडा आहेत. धुक्यात त्या कडा विरतात आणि सामाजिक अवस्था ही मनोवस्था होऊन बसते. एका द्रव्यावर सारा रंगावकाश तोलून धरण्याच्या तंत्राची मर्यादा येथे दिसते. संहिता दगडासारखी असेल तर रिकाम्या रंगमंचावर ती अधिक जड होते. ती चेखवसारखी वस्तूंच्या, चहाच्या पेल्यांच्या आणि देण्याघेण्याच्या आधाराने जगणारी असेल, तर काहीतरी हाती लागते तसे काहीतरी निसटतेही.

एस्किलसचे 'पर्शियन्स' हे मात्र दगडासारखेच नाटक, आणि 2006 साली डॉयचेस थिएटरमध्ये झालेला त्याचा प्रयोग गोचेवच्या कार्याचा कळस मानावा लागतो. सालामिसच्या लढाईनंतर अवघ्या आठ वर्षांनी, इ. स. पूर्व 472 मध्ये, अथेन्सच्या कवीने जेत्यांच्या नगरात पराभूतांचा विलाप रंगमंचावर आणला. गोचेवने निवडलेली संहिता पेटर व्हिट्झमानच्या शब्दशः भाषांतरावर म्यूलरने सिद्ध केलेली होती. या भाषांतराचे वैशिष्ट्य असे की ते ग्रीक वाक्यरचनेला शक्य तितके चिकटून राहते, तिला जर्मन वळण देण्याचे टाळते. परिणामी जर्मन प्रेक्षकालाही ही जर्मन परकी वाटते. प्रत्येक शब्द वेगळा उचलून, वजन पाहून पुढच्या शब्दाशेजारी ठेवावा लागतो. ज्याने ही भाषा एकोणिसाव्या वर्षी अशाच रीतीने, शब्दामागून शब्द, आत्मसात केली त्या दिग्दर्शकाला या संहितेत घरच्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

चित्रकार मार्क लामर्टने रंगमंचावर फिरणारी एक मोठी पिवळी भिंत उभी केली. आरंभी फिन्त्सी आणि कोख हे दोन पुरुष या भिंतीच्या दोन बाजूंनी हद्दीवरून भांडतात. हे भांडण सुरुवातीला विदूषकी आहे, बेसाँच्या शाळेतले आहे. हळूहळू भिंत फिरू लागते आणि माणसे तिला ढकलतात की ती माणसांना, हे सांगता येईनासे होते. येथून नाटक थेट पराभवाच्या वार्तेत जाते. पर्शियन वृद्धांचा संपूर्ण कोरस मार्गिट बेंडोकाट या एका नटीकडे सोपवलेला होता. मेलेल्या सेनानींच्या नावांची यादी, जी वाचताना कंटाळवाणी वाटण्याची शक्यता असते, ती अशा प्रयोगात नाटकाचा खरा आशय ठरते. या नावांना अर्थ नाही, केवळ नाद आहे. ती ग्रीक कवीच्या कानांनी ऐकलेली परकी नावे आहेत, आणि ती अचूक उच्चारणे हीच मृतांप्रती करता येण्याजोगी एकमेव कृती आहे. 2009 साली ग्रीसच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी एपिडॉरसच्या प्राचीन प्रेक्षागृहात गोचेवने हेच नाटक पुन्हा केले, तेव्हा तो आणखी एका परक्या भाषेत काम करत होता.

या पार्श्वभूमीवर 2007 साली डॉयचेस थिएटरमध्ये झालेल्या 'हॅम्लेटमशीन'कडे पाहावे. म्यूलरची ही काही पानांची संहिता बेसाँसाठी केलेल्या 'हॅम्लेट'च्या भाषांतरातून 1977 साली जन्माला आली. या प्रयोगात गोचेव स्वतः रंगमंचावर उभा राहिला. त्याचे जर्मन उच्चार अखेरपर्यंत बल्गेरियन वळणाचेच राहिले होते, आणि तो ते लपवत नव्हता. ज्या संहितेतील वक्ता आपण हॅम्लेट होतो असे भूतकाळात सांगतो, म्हणजे आपल्या भूमिकेपासून तुटलेला आहे, त्या संहितेला असा उच्चार केवळ चालतो असे नाही. सराईत उच्चारात जो तुटलेपणा अभिनयाने निर्माण करावा लागतो, तो येथे आवाजातच असतो. ब्रेख्तच्या दूरीकरणाचा हा एक वेगळाच पर्याय मानता येईल : येथे तंत्राने अंतर निर्माण करावे लागत नाही, आधीच असलेले अंतर बुजवायचे नाकारले जाते.

गोचेवचा अखेरचा प्रयोगही म्यूलरचाच. 2013च्या मे महिन्यात म्युनिकच्या रेसिडेन्झ थिएटरमध्ये त्याने 'सिमेंट' केले. फ्योदोर ग्लाडकोव्हच्या 1925च्या सोव्हिएट कादंबरीवरून म्यूलरने 1972 साली हे नाटक लिहिले होते. यादवी युद्धावरून परतलेल्या चुमालोव्हला कारखाना बंद पडलेला आढळतो, पत्नी दाशा ओळखू येणार नाही इतकी बदललेली असते, आणि त्यांची मुलगी बालगृहात मरते. पूर्व युरोपातील समाजवादी राजवटी कोसळल्याला दोन तपे होत आली असताना हे नाटक एक तर स्मरणरंजन म्हणून करता आले असते किंवा उपहास म्हणून. गोचेवने त्याकडे 'पर्शियन्स'सारखेच, पराभूतांच्या बाजूने पाहिले. नेपथ्य एत्सिओ टोफोलुत्ती याचे होते, जो 1970च्या दशकात बेसाँचा नेपथ्यकार होता. 20 ऑक्टोबर 2013 रोजी बर्लिनमध्ये गोचेवचे निधन झाले आणि पुढच्या वर्षीच्या बर्लिन नाट्यमहोत्सवात 'सिमेंट' त्याच्या पश्चात सादर झाले.

बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' करण्याची त्याची योजना अपुरी राहिली होती. जे नाटक बेकेटने मातृभाषा बाजूला ठेवून फ्रेंचमध्ये लिहिले, ते गोचेवच्या वाटेवर इतक्या उशिरा यावे याचे काहीसे आश्चर्य वाटते. 2014 साली त्याचा बल्गेरियन सहकारी इव्हान पान्तेलेएव्ह याने तो प्रयोग पूर्णत्वाला नेला. रंगमंच लामर्टचा होता, आणि वाट पाहणारे दोघे होते फिन्त्सी आणि कोख.