कोलटकरच्या, कोलटकरांच्या नव्हे

अलिबागला राहणाऱ्या माणसाला मराठी भाषेनं आधीच एक दाखला देऊन ठेवला आहे. समोरच्याला काही कळत नसलं, की 'अलिबागहून आलायस का?' असं विचारायची सोय सगळ्यांनी करून घेतली आहे. या वाक्प्रचाराविरुद्ध एक गृहस्थ थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०१९ साली न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली आणि असल्या विनोदांनी अपमान मानून घेऊ नये, असं समजावलं. तेव्हा आता कायद्याचाही आधार उरलेला नाही. अशा गावच्या माणसानं नवकवितेच्या वाटेला आपण होऊन जाऊ नये, हे मला कळतं. मी गेलोच नव्हतो. मला चिठ्ठी लागली.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचक-मंडळ भरतं. वयाची अट नाही, पण पेन्शन सुरू झाल्याशिवाय सहसा कोणी येत नाही. मे महिन्यात तिथं चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जे पुस्तक येईल त्यावर त्यानं जुलैत वीस मिनिटं बोलायचं. नानांना 'बटाट्याची चाळ' आली. शाळेतल्या बाईंना 'स्मृतिचित्रे'. मला 'अरुण कोलटकरच्या कविता'. नानांनी माझा हात हातात घेऊन हलकेच दाबला. असा हात मी तोवर फक्त स्मशानात दाबलेला पाहिला होता.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, बदलून नाही का मिळत? निदान गद्य तरी मागा."

पहिली अडचण मुखपृष्ठावरच आली. 'कोलटकरच्या'! मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. थकबाकीदाराला जप्तीची नोटीस पाठवतानासुद्धा आम्ही 'श्री.' लावत असू आणि खाली 'आपला विश्वासू' म्हणून सही करत असू. आणि इथं खुद्द कवी स्वतःला एक साधा अनुस्वार लावून घ्यायला तयार नाही. मला आधी छपाईची चूक वाटली. पण पुस्तक १९७७ सालचं, अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाचं. त्यांच्या हातून अशी चूक व्हायची नाही. मग लक्षात आलं, की पहिलं पान उलटायच्या आतच कवीनं सांगून टाकलंय : माझ्यासाठी उठून उभे राहू नका, बसूनच वाचा.

हा गृहस्थ कोल्हापूरचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पोटासाठी जाहिरातींची चित्रं आणि मांडणी करत राहिला आणि त्या धंद्यातही मोठं नाव मिळवलं. लिहिलं मराठीत आणि इंग्रजीतही. इंग्रजीतली 'जेजुरी' १९७६ ची. पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुलाचं काव्य-पारितोषिक मिळालं. त्याच १९७७ साली पन्नाशीच्या दशकापासूनच्या मराठी कवितांचा हा संग्रह निघाला. म्हणजे एका माणसाची वीस-पंचवीस वर्षांची शिल्लक एकाच पासबुकात.

पासबुक म्हटल्यावर मला धीर आला. मी एक वही घेतली आणि तीन रकाने आखले : 'समजली', 'समजल्यासारखी वाटली' आणि 'तशीही वाटली नाही'. आठवड्याभरात पहिल्या रकान्यात दोन नोंदी झाल्या आणि तिसऱ्याला पुरवणी जोडावी लागली. विशेषतः सुरुवातीच्या कविता. एका ओळीतली वस्तू दुसऱ्या ओळीत भलतीच वस्तू होऊन बसते आणि त्याबद्दल कोणी खुलासा देत नाही. स्वल्पविरामाशी फारशी गाठ पडत नाही. ताळेबंद काही जुळेना.

मे संपता संपता मोतीबिंदू दाखवायला मुंबईला जायचं होतं. पावसाळ्यात लाँच बंद होतात, म्हणून घाईनं मांडव्याला जाऊन लाँच पकडली. पुस्तक पिशवीत होतं. कोलटकरांची 'द बोटराइड' नावाची एक इंग्रजी कविता आहे. त्यातली लाँच गेटवेहून निघते, बंदरात फेरी मारते आणि उतारूंना पुन्हा गेटवेलाच आणून सोडते. आम्हा अलिबागकरांना ती वाचताना सारखं वाटतं, की आलात तसे जरा पुढं मांडव्याला यायचं होतंत. तर त्या लाँचमध्ये माझ्या शेजारी एक इसम बसला होता. कानाला मोबाइल, आणि कुठल्याशा शेटजीकडच्या अडकलेल्या पैशांबद्दल आगरी, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषांत एकाच वाक्यात भांडत होता.

मी पुस्तक उघडलं ते नेमकं पगाराच्या कवितेवर. ही मराठी संग्रहात आहे खरी, पण लिहिली आहे मुंबईच्या फुटपाथवरच्या हिंदीत, तीही १९६० साली. अशा तीन कविता एकत्र आहेत; त्यांनीच पुढं 'थ्री कप्स ऑफ टी' या नावानं त्या इंग्रजीत नेल्या. पहिलीत एक माणूस मॅनेजरकडे पगार मागतो. मॅनेजर म्हणतो, पहिल्या तारखेला मिळेल, नियम ठाऊक नाही का? तेव्हा तो माणूस टेबलावरचं मॅनेजरचं घड्याळ शांतपणे उचलतो आणि सांगतो, की आपलाही एक नियम आहे. झालं. इतकीच गोष्ट. शेजारच्याचा सूर कानात होता म्हणून असेल, मी ती नकळत ओठांतल्या ओठांत वाचू लागलो आणि मग जरा मोठ्यानंच. त्यानं फोन खाली घेतला. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला,

"मंग, दिला का पगार?"

मी पाहतच राहिलो. या कवितेतली प्रतिमासृष्टी वगैरे काही त्याच्या वाटेत आली नाही. त्याला घोर पडला होता तो त्या माणसाच्या पगाराचा. मी मात्र निवृत्त झालो तो मॅनेजर म्हणून. 'पहिल्या तारखेला या' हे वाक्य माझ्याही तोंडून पुष्कळांनी ऐकलेलं आहे. वाचताना माझा उजवा हात डाव्या मनगटावरच्या घड्याळावर गेला होता, हे मला नंतर जाणवलं.

त्या दिवशी माझी वाचायची पद्धत बदलली. मी अर्थ शोधायचं सोडून आवाज शोधू लागलो. हा कोण बोलतोय? कुणाशी? कुठं उभा राहून? आणि मग पुष्कळ कविता तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात आपल्या पायांनी चालत आल्या. 'प्रयोग' म्हटलं की आपण समजतो, कवीनं काहीतरी अवघड मुद्दाम केलंय. इथं उलट आहे. आपण रोज ऐकतो आणि कवितेत घ्यायला लाजतो ते या माणसानं घेतलं. त्यांची इराण्याच्या हॉटेलातली कविता मला इंग्रजीत आधी भेटली. भिंतीवर इराणचा तिरळा शहा, तडकलेल्या काचेमागं शिळा होत चाललेला केक, मनगटावर बसणारी माशी. सगळं आपण पाहिलेलं. फक्त आपण बनमस्का खाऊन उठलो आणि हा माणूस बघत बसला. जाहिरातवाल्याची नजर, दुसरं काय! दुसऱ्यांच्या मालाकडे लक्ष वेधायची सवय होती. इथं त्यानं कोणीच विकत घेणार नाही अशा वस्तूंकडे आपलं लक्ष वेधलं.

आणि ही काही परदेशातून बोटीनं आलेली फॅशन नव्हे. हेच कोलटकर पखवाज शिकले, भजनात रमले, तुकाराम इंग्रजीत नेत राहिले. तुकोबांनीसुद्धा बाजारातली भाषा उचलूनच देवाशी भांडण काढलं होतं. तिथं आपण टाळ्या वाजवतो, कारण मध्ये चार शतकं गेली आहेत.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. सुरुवातीच्या काही कविता मला आजही उघडलेल्या नाहीत आणि कुलूप माझ्याकडच्या बाजूला आहे की त्यांच्या, हेही ठरलेलं नाही. काही ठिकाणी चमत्कृतीचा सोस दिसतो. एक प्रतिमा आली म्हणून तिची भावंडंही आली आहेत. त्या फुटपाथी कवितांतल्या बोलण्यात एक पुरुषी मुजोरी आहे. कवी ती झाकत नाही, पण म्हणून ती बोचायची थांबत नाही. बायकांच्या दुःखाकडे पूर्ण तोंड वळवून बसायला याच कवीला २००३ सालची 'भिजकी वही' लिहावी लागली. त्यात कण्णगी, कॅसांड्रा, हायपेशिया अशा देशोदेशींच्या बायकांची आसवं आहेत. २००४ साली कोलटकर गेले आणि २००५ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्या पुस्तकाला नंतर मिळालं.

आता एक जुनी थकबाकी. १९७८ साली आमच्या शाखेच्या स्नेहसंमेलनात मी नवकवितेचं विडंबन केलं होतं. हेड ऑफिसचं मुदतठेवींचं परिपत्रक घेतलं, त्याच्या ओळी मध्येच तोडल्या आणि केस विस्कटून, घोगऱ्या आवाजात वाचलं. लोक खुर्च्यांवरून पडले. मॅनेजरसाहेबांनी दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्या रांगेत आमच्याच काउंटरवरचा एक पोरगा बसला होता, बावीस वर्षांचा. तो कविता करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मला दाखवायचा. तोही हसला. त्याच्या पिशवीत तेव्हा हेच पुस्तक होतं, हे मला ठाऊक होतं, कारण मी ते चाळून 'काय रे हे!' म्हणून परत केलं होतं. त्यानंतर त्यानं मला कविता दाखवली नाही. मला वाटलं, काम वाढलं असेल.

जूनअखेर मी त्याचा नंबर शोधून काढला. तोही आता निवृत्त आहे, डोंबिवलीला असतो. मी म्हटलं, "अरे, ते विडंबन..." पुढं काय म्हणायचं ते ठरवलं होतं, पण आठवेना.

"चांगलं होतं की साहेब," तो म्हणाला. "फक्त एक चूक होती. तुम्ही ओळी कुठंही तोडल्या होत्यात. ते लोक कुठंही तोडत नाहीत. श्वास संपतो तिथं तोडतात, नाहीतर मुद्दाम संपायच्या आधी."

मी फोन ठेवून सगळं पुस्तक पुन्हा एकदा ओळींच्या टोकांकडे बघत वाचलं. पाचशे पानांच्या समीक्षेतही मला इतकं हाती लागलं नसतं.

जुलैतल्या कार्यक्रमाला पावसामुळं सातच माणसं आली. मी पगाराची कविता वाचली, श्वास सांभाळून. घड्याळ उचललं तिथं नाना मोठ्यानं हसले आणि एकदम गप्प झाले. तेही सरकारी नोकरीत साहेबच होते. मग मी विडंबनाची हकीकत सांगितली आणि ओळी तोडण्याची ती गोष्ट त्याचं नाव घेऊन सांगितली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुमचा तो मित्र अजून लिहितो का हो?"

हाच प्रश्न मी त्याला फोनवर विचारला होता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, पाऊस कसा आहे तिकडं? लाँच बंद झाल्या असतील ना आता?"

वहीत हे उत्तर कुठं टाकावं, ते पाहत होतो. शेवटी पहिल्या रकान्यात टाकलं.

पुस्तक ओलीनं फुगलंय. आमच्याकडे पावसाळ्यात पापडसुद्धा फुगतात. वाचनालयानं दोनदा परत मागितलं आहे. मी दंड भरतो आहे. तिसऱ्या रकान्यात अजून अकरा कविता आहेत.