एका दिवसाची साक्ष

कला प्रतिभावंतांनी निर्माण करावी आणि इतरांनी ती दुरून न्याहाळावी, या समजुतीला विसाव्या शतकात अनेकांनी धक्का दिला. 1937 साली इंग्लंडमध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि चित्रपटकार हम्फ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ हा उपक्रम आरंभिला. सामान्य माणसे आपल्या दिवसाच्या बारीकसारीक नोंदी टिपून पाठवीत. त्याच प्रेरणेतून पुढे केव्हिन मॅकडोनाल्ड या दिग्दर्शकाने जगभरच्या लोकांना आवाहन केले: 24 जुलै 2010 हा आपला दिवस चित्रित करा आणि यूट्यूबवर पाठवा. सोबत तीन साधे प्रश्न होते. तुमच्या खिशात काय आहे? तुमचे प्रेम कशावर आहे? तुम्हाला भीती कशाची वाटते? सुमारे 80,000 चित्रफिती आल्या. एकूण चित्रण जवळजवळ 4,500 तासांचे. त्यातून 95 मिनिटांचा ‘लाइफ इन अ डे’ हा चित्रपट 2011 साली रसिकांसमोर आला.

चित्रपटातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. जपानमधील एका लहानशा, पसाऱ्याने भरलेल्या घरात बाप आपल्या चिमुकल्याला झोपेतून उठवतो. घरात आई नाही. आहे ती तिची स्मृती. मुलगा तिच्यासमोर उदबत्ती लावतो आणि दिवस सुरू होतो. कुणी रडत नाही, कुणी भाष्य करीत नाही. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या आपल्या घरांना हा प्रसंग परका वाटणार नाही. कसलेल्या दिग्दर्शकालाही सहजी न साधणारा हा क्षण एका सामान्य घराने जगाला दिला, यात या प्रयोगाचे सार्थक आहे.

परंतु सर्वच माणसांच्या वाट्याला असा अवकाश आलेला नाही. कुणी दात घासतो, कुणी अंडे फोडतो, कुणी रस्त्याने चालतो. अशी शेकडो दृश्ये संगीताच्या तालावर झरझर सरकतात. मनुष्यजात एक आहे, हे त्यातून ठसते खरे. पण माणूस मात्र हातून निसटतो. तो व्यक्ती न राहता नमुना होतो. शिवाय चित्रण पाठविणारे अनेक असले, तरी काय ठेवावे आणि काय गाळावे हे ठरविणारे हात थोडेच होते. ज्यांनी आपला दिवस दिला, त्यांपैकी बहुतेकांची एकमेकांशी गाठ पडली नाही. 1971 सालच्या ‘कम्युनिओ एत प्रोग्रेसिओ’ या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने सामाजिक संपर्कमाध्यमांचे ध्येय माणसामाणसांतील ऐक्य आणि समाजाची प्रगती हे मानले आहे. त्या कसोटीवर हा सहभाग आम्हांला अर्धाच वाटतो. येथे देणे आहे. घेणे प्रेक्षकावर सोपविले आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून लोकांकडे पाहत असल्याचे वर्णन आहे. गरीब विधवेने टाकलेली दोन नाणी तेथे कुणाच्याही नजरेस पडली नसती. प्रभूने ती पाहिली, शिष्यांना जवळ बोलाविले आणि त्या दानाचे मोल सांगितले. पाहणे, जवळ बोलावणे आणि मोल जाणणे या तीन पायऱ्यांपैकी कॅमेरा पहिली सहज चढतो. उरलेल्या दोन माणसानेच चढावयाच्या असतात.

चित्रपटाच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास एक तरुणी मोटारीत एकटी बसलेली दिसते. बाहेर वीज चमकते आहे. दिवसभर विशेष काहीच घडले नाही, याची खंत ती बोलून दाखविते. तरीही आपण आहोत हे लोकांना कळावे, अशी तिची इच्छा आहे. एवढ्या मोठ्या खटाटोपाचे सार आम्हांला या एका वाक्यात सापडले. जगाने तिला पाहिले. पण तिला हवा होता तो ऐकणारा कुणीतरी.

आज आपल्या घराघरांत प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. परदेशी गेलेल्या लेकरांची खुशाली पडद्यावर दिसते आणि क्षणात पुढे सरकते. हा चित्रपट कुटुंबाने एकत्र बसून अवश्य पाहावा. नंतर सायंप्रार्थना आटोपल्यावर तेच तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत आणि उत्तर संपेपर्यंत कुणी उठू नये. मॅकडोनाल्ड यांनी सुरू केलेले काम तेथे पुरे होईल, असे आम्हांस वाटते.