कट्टीनंतर

2024 च्या शेवटच्या चार महिन्यांत मुलांसाठीचे दोन मोठे अ‍ॅनिमेशनपट आले आणि दोघांनीही एकाच विषयाची सारखीच माती केली. सप्टेंबरात जॉश कूलीचा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’, डिसेंबरात बॅरी जेंकिन्सचा ‘मुफासा: द लायन किंग’. पहिल्यात ऑप्टिमस प्राइम आणि मेगाट्रॉन हे वैरी होण्याआधीचे जिवलग दोस्त आहेत, दुसऱ्यात मुफासा आणि स्कार हे एकत्र वाढलेले मानलेले भाऊ. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. त्यामुळे लेखकापुढे खरं काम एकच उरतं, ते म्हणजे मैत्री का तुटली हे सांगणं. नेमकं तेच काम दोन्ही चित्रपटांनी अर्ध्यावर टाकलं.

मुफासाचं आधी उरकतो. राजपुत्र टाका, म्हणजे पुढचा स्कार, बुडणाऱ्या अनाथ छाव्याला, मुफासाला, पाण्यातून बाहेर काढतो. टाकाची आई त्या पोराला शिकवते आणि पोर टाकाच्या पुढे जातं. शत्रू चालून येतो तेव्हा टाका भीतीने पळतो, त्याच्या आईला वाचवतो तो मुफासा. ज्याचा जीव आपण वाचवला त्याने आपली आई वाचवली आणि आपण पळालो, ही लाज घेऊन टाकाला यापुढे त्याच्याच शेजारून चालायचं आहे. यात अख्खा चित्रपट होता. पण मग साराबी येते, टाकाला ती आवडते, तिला मुफासा आवडतो आणि टाका सरळ शत्रूला जाऊन मिळतो. मत्सराचं हे कारण इतकं वापरून झिजलं आहे की त्याने टाकाची लाज झाकली जाते. वाईट याचं वाटतं की जेंकिन्सला हे येत नव्हतं असं नाही. त्याच्याच ‘मूनलाइट’मध्ये टोळीच्या दबावाखाली एक मुलगा आपल्या मित्राला मारतो, तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माणूस तुटणाऱ्या मैत्रीकडे किती जवळून बघू शकतो हे माहीत आहे. मोठ्यांसाठी जे बारकाईने पाहिलं ते मुलांसाठी उरकलं, हा माझा आक्षेप आहे.

‘ट्रान्सफॉर्मर्स वन’चा राग जास्त येतो, कारण तो अगदी जवळ पोचला होता. ओरायन पॅक्स आणि डी-16, म्हणजे पुढचे ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन, हे खाणकामगार. त्यांना रूप बदलता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं चक्रच त्यांच्या अंगात नाही. मग कळतं की ते जन्मतःच काढून घेतलं गेलं आणि काढणारा त्यांचा लाडका नेता सेंटिनल प्राइम आहे. दोघेही सारखेच फसवले गेलेत. ओरायनला वाटतं, सगळ्यांसमोर सत्य आणू. डी-16 ला वाटतं, या माणसाला जिवंत सोडायचं नाही. ज्याने आपल्याला लुबाडलं त्याचं काय करायचं, हे भांडण आठ वर्षांच्या मुलालाही कळतं आणि दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे. चित्रपट मात्र डी-16 ला बोलू देत नाही. मोजक्या प्रसंगांत त्याचा आवाज बदलतो, डोळे बदलतात आणि थोड्याच वेळात तो सगळं जमीनदोस्त करायला निघतो. सेंटिनलवर त्याने केलेला वार ओरायन मध्ये पडून स्वतःवर घेतो, कड्यावरून कोसळतो, डी-16 त्याचा हात धरतो आणि मग सोडतो. तो क्षण उत्तम आहे. पण पुढे काय? ओरायन खोल गर्तेत पडतो, तिथे त्याला दैवी शक्ती मिळते, तो ऑप्टिमस प्राइम होऊन वर येतो आणि मित्राला हद्दपार करतो. वादाचा निकाल देवाने दिला! डी-16 च्या प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही.

अशा जोड्यांपैकी काही मुळात खेळण्यांच्या दुकानातून आल्या, हे विसरून चालणार नाही. ट्रान्सफॉर्मर्स ही 1984 ची हॅस्ब्रोची खेळणी, शी-रा, जिच्याकडे पुढे येणारच आहे, ती 1985 ची मॅटेलची. एक चांगला आणि एक वाईट अशी विक्रीची सोय होती. ते दोघे आधी मित्र होते हा विचार नंतरच्या लेखकांनी त्यात घातला, आणि गेल्या वीस वर्षांतल्या कार्टूनकलेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी भर तीच आहे. म्हणूनच ती कुणी वाया घालवली की सहन होत नाही.

कड्यावरचा तो हात मात्र नीट पाहायला हवा. या प्रकारच्या गोष्टींची ती जणू ठरलेली मुद्रा आहे. 1994 च्या ‘लायन किंग’मध्ये स्कार भावाच्या पंजांत नखं रुतवून त्याला खाली लोटतो. डी-16 धरलेला हात सोडतो. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मध्ये ज्वालामुखीच्या विषारी वायूने गुदमरलेला रोकू हात पुढे करतो आणि सोझिन तो धरत नाही. ‘अ‍ॅम्फिबिया’च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी साशा कोसळत्या बुरुजावरून लोंबकळते, अ‍ॅनने तिचा हात धरलेला असतो आणि अ‍ॅनला वाचवण्यासाठी साशाच तो सोडते. हात कोण सोडतो आणि का, एवढ्यावरून लेखकाची कुवत कळते.

रोकू आणि सोझिनची गोष्ट 2007 च्या एकाच भागात, जेमतेम तेवीस मिनिटांत येते, तीही अर्ध्या भागात रोकूकडून आणि अर्ध्या भागात सोझिनच्या मृत्युपत्रातून. एकाच दिवशी जन्मलेले दोघे, एक युवराज आणि एक पुढे अवतार ठरणारा. सोझिन मित्राला राजघराण्याचं शिरोभूषण देतो, त्याच्या लग्नाला उभा राहतो आणि त्याच लग्नात म्हणतो की आपल्या राष्ट्राची भरभराट सगळ्या जगाला वाटूया. खलनायकाने पहिलं पाऊल सद्‌भावनेने उचललेलं मी कार्टूनमध्ये क्वचित पाहिलं आहे. रोकू नकार देतो, पुढे सोझिनने बळकावलेली वसाहत पाहून त्याचा महाल उद्ध्वस्त करतो, पण जुन्या मैत्रीखातर त्याला जिवंत सोडतो. पंचवीस वर्षं अबोला. मग रोकूच्या बेटावर ज्वालामुखी फुटतो आणि सोझिन धावून येतो! तो खरोखर मदत करायलाच आलेला असतो. मित्र मरायला टेकल्यावरच त्याला दिसतं की हा नसेल तर आपले सगळे बेत पार पडतील. कपट आधीपासून मनात नसतं, ते त्या क्षणी जन्मतं. मालिकेच्या शेवटी रोकू नायकाला, आंगला, सांगतो की आपण वेळीच ठाम राहायला हवं होतं. म्हणजे शंभर वर्षांच्या युद्धात सज्जन मित्राचाही वाटा आहे आणि तो ते स्वतःच्या तोंडाने बोलतो. मालिकेतला युवराज झुको या दोघांचाही पणतू निघतो, हे तर लेखकांनी या भागाला दिलेलं दानच.

आणि आता ‘शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर’. एनडी स्टीव्हनसनची ही मालिका 2018 ते 2020 या काळात आली, पाच पर्वं, बावन्न भाग. अडोरा आणि कॅट्रा या होर्डच्या छावणीत सैनिक म्हणून वाढवलेल्या दोन पोरक्या मुली. अडोराला तिला शी-रा बनवणारी तलवार सापडते, होर्ड गावं जाळतं हे ती डोळ्यांनी पाहते आणि छावणी सोडते. कॅट्रा तिच्याबरोबर जात नाही. होर्ड वाईट आहे हे कॅट्राला आधीपासून कळलेलं असतं, तिथे तिचा आधार एकटी अडोरा होती आणि ती गेली. एकीच्या लेखी तो सद्‌विवेक, दुसरीच्या लेखी त्याग. यातलं काहीही खोटं नाही. पुढचे पन्नास भाग या एका घटनेच्या दोन वाचनांवर उभे आहेत आणि लेखक एकीचं वाचन चूक ठरवायची घाई करत नाहीत.

पहिल्या पर्वातला ‘प्रॉमिस’ हा भाग मी या प्रकारातला उत्कर्ष मानतो. दोघी एका प्राचीन वास्तूत अडकतात आणि ती वास्तू त्यांच्या लहानपणीच्या आठवणी त्यांच्यापुढे उभ्या करते. एकमेकींना सांभाळायचं, मग आपलं फारसं वाईट होणार नाही, असं वचन लहानग्या अडोराने दिलेलं असतं. दोघी तेच दृश्य बघतात आणि दोघींना वेगळं दिसतं. अडोराला दिसतं की आपण हिला वाचवत होतो. कॅट्राला दिसतं की दोघींना वाढवणारी शॅडो वीव्हर आपल्याला छळते आहे आणि आपल्याला आवरायची जबाबदारी अडोरावर टाकते आहे. मैत्रिणीची माया आणि मैत्रिणीचा पहारा एकाच प्रसंगात मिसळलेले आहेत. ज्याला कायम कुणीतरी वाचवत आलं त्याच्या मनात वाचवणाऱ्याविषयी काय साठत जातं, हे मोठ्यांच्या किती कादंबऱ्यांनी एवढ्या नेमकेपणाने सांगितलं आहे? म्हणून शेवटी अडोरा खोल दरीवर लोंबकळत असताना कॅट्रा तिला वर ओढत नाही, तेव्हा तिचा राग कुठून आला असा प्रश्न पडत नाही. ए. जे. मिशाल्काने कॅट्राला दिलेला फुटका, खरवडलेला आवाज तर वेगळा लेख मागतो.

तिसऱ्या पर्वात कॅट्रा सगळं जग कोलमडवणारं द्वार उघडते. तोवर अडोरा सारखी स्वतःला बोल लावत असते की मी हिला सोडून गेले म्हणून ही अशी झाली. इथे ती थांबते. हे तू केलंस, याचं ओझं माझं नाही, असं तिला तोंडावर सांगते. छळ झाला हे खरं, वचन मोडलं हेही खरं, आणि तरी द्वार कॅट्राने उघडलं. मुलांच्या मालिकेत ही तिन्ही वाक्यं एकदम खरी राहू देणं ही मोठी गोष्ट आहे. पाचव्या पर्वात होर्डचा सर्वेसर्वा होर्ड प्राइम कॅट्राच्या मानेत चिप बसवतो, पण त्याआधीच तिने अडोराची मैत्रीण ग्लिमर हिला सोडवून स्वतःला संकटात घातलेलं असतं. बदल चिपच्या अलीकडचा आहे, तिचा स्वतःचा आहे. माझी एकच तक्रार आहे. ग्लिमरची आई त्या द्वारापायी गेली, आणि तुरुंगात शेजारी बसलेल्या या दोघींमध्ये तो विषय जवळजवळ निघतच नाही. जगाला वाचवायच्या गडबडीत ते देणं फेडायचं राहिलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पोकेमॉनमधले अ‍ॅश आणि गॅरी हे क्रीडास्पर्धेतले प्रतिस्पर्धी, त्यात वैर नाही. नारुतो आणि सासुकेची गोष्ट मला थकवते, कारण तिथे पाठलागालाच मैत्री मानलं आहे. ‘द आउल हाउस’मध्ये अमिटी विलोची मैत्री तोडते ती आईवडिलांनी धमकावल्यामुळे. ती मालिका इतर बाबतींत धीट आहे, इथे मात्र तिने मुलीच्या हातून चूक काढून घेतली आणि पालकांच्या पदरात टाकली.

मॅट ब्रॅलीची ‘अ‍ॅम्फिबिया’ या बाबतीत धीट निघाली. साशा दुष्ट नाही, ती सगळं ठरवणारी मैत्रीण आहे. अ‍ॅनला बेडकांच्या जगात साशाशिवाय राहावं लागतं तेव्हाच लक्षात येतं की घरी असताना आपण स्वतः काही ठरवतच नव्हतो. आणि त्यांची तिसरी मैत्रीण मार्सी, जिच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं, तिनेच आईवडील गाव सोडणार या भीतीने तिघींना या जगात आणलेलं असतं. इतकी हळवी, इतकी स्वार्थी कृती! 2022 मध्ये मालिका संपली तेव्हा दहा वर्षांनंतरच्या तिघी भेटतात. मधल्या काळात त्या दूर गेलेल्या आहेत, आणि ते पडद्यावर मान्य केलं जातं.

तिसऱ्याच्या माथी खापर फोडायची ही सवय सेंटिनलपासून अमिटीच्या आईवडिलांपर्यंत सगळीकडे पसरते आहे आणि तिच्याशी भांडायला हवं. मुलांना असं शिकवलं जातं की दोन चांगल्या माणसांत फूट पडली तर कुणीतरी ती पाडली असणार. आपल्याकडे मोठी माणसं राजकारणात, भावकीत, सोसायटीच्या सभेत हेच बोलतात. निदान कार्टूनने तरी हे बोलू नये.

आपल्या कार्टूनचं काय, तर ‘छोटा भीम’ 2008 पासून चालू आहे. राजीव चिलकांनी भीमाचं नाव घेतलं, गाव ढोलकपूर वसवलं आणि कालियाला कधी टोळीत, कधी टोळीबाहेर असं ठेवलं. त्याचा हेवा कुठून आला हे कुणी विचारलं नाही, कारण पुढच्या भागात तो तसाच लागणार असतो. ज्या ग्रंथातून नाव उचललं त्याच ग्रंथात तुटलेल्या मैत्रीची जगातली एक थोर गोष्ट पडून आहे. द्रोण आणि द्रुपद. आश्रमातलं वचन, राज्य मिळालं की तुझंही असेल. मग घरी दूध नाही म्हणून पोराला पिठाचं पाणी, दारात गेल्यावर मैत्री बरोबरीच्यांत होते हे उत्तर, शिष्यांकरवी बांधून आणलेला राजा, अर्धं राज्य ठेवून घेऊन अर्धं परत, आणि आता आपण बरोबरीचे झालो म्हणून पुन्हा मैत्रीचा हात. तो हात द्रुपदाने धरला, आणि मनात सूड ठेवून धरला. ‘प्रॉमिस’मधलं वचन आणि हे वचन एकाच जातीचं आहे. ते देताना मुलगा खोटं बोलत नव्हता, ते मोडताना राजाही स्वतःला खोटा मानत नव्हता.

हे मुलांना झेपणार नाही, असं निर्माते म्हणतील आणि पालक माना डोलावतील. हे मला बिलकूल मान्य नाही. तिसरीतल्या मुलीची मैत्रीण जूनमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसते तेव्हा कुणी राक्षस मध्ये आलेला नसतो, आणि त्या मुलीला ते पक्कं कळत असतं. तिला पडद्यावर राक्षस दाखवणं म्हणजे तिला जे दिसलं ते खोटं ठरवणं. शेवटी गळाभेट हवीच, असा आग्रह धरणारे तिच्या दुःखाची किंमत वीस मिनिटं ठरवतात. अमेरिकेतल्या मुलीला थाई-अमेरिकन अ‍ॅनची गोष्ट झेपते, भारतातली मुलं त्याच मालिका बघतात आणि त्यांनाही झेपते. न झेपणारे आपण मोठे आहोत, कारण अशी गोष्ट बघून मूल विचारेल की तुमचं आणि काकांचं का बोलणं नाही.

तेव्हा द्रोण-द्रुपदाची मालिका कुणी करणार असेल तर एवढंच मागणं आहे. शकुनीला त्यात आणू नका. सुरुवात आश्रमापासून करा, दोघांना सारखा वेळ द्या, आणि द्रोण दारात येतो त्या दिवशी द्रुपदाच्या भुवया तिरक्या काढू नका.