अमर पेशी, मर्त्य माणूस

एका पेशीच्या दोन होतात, हा धडा आम्ही शाळेंत पाठ केला आणि विसरून गेलों. मूल वाढतें, कापलेलें बोट भरून येतें, पानफुटीच्या पानाच्या कडेस नवीं रोपें फुटतात. तिन्हींच्या मुळाशीं हीच क्रिया आहे. पेशी आपलीं गुणसूत्रें आधीं दुप्पट करते, मग दोन्ही नव्या पेशींस तीं पुरीं वांटून देते. ह्या कोरड्या धड्यामागें एका कुटुंबाचें दुःख असेल, हें मात्र रिबेका स्क्लूट यांचें 'द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स' (२०१०) हें पुस्तक वाचीपर्यंत आमच्या मनांत आलें नव्हतें.

हेन्रिएटा ही तंबाखूच्या शेतांत राबलेली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, पांच मुलांची आई. १९५१ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत तिच्या कर्करोगाच्या गांठीचा तुकडा, तिला न विचारतां, प्रयोगासाठीं घेण्यांत आला. त्याच वर्षीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं, ती वारली. पेशी मात्र सुमारें दर दिवसास दुप्पट होत राहिल्या. निरोगी मानवी पेशी प्रयोगशाळेंत पन्नासेक वेळां विभागून थांबतात. ह्यांना तो बांध नाहीं. पोलिओच्या लसीच्या परीक्षेस त्यांचा उपयोग झाला. कुटुंबास वीस वर्षांहून अधिक काळ कशाचा पत्ता नव्हता.

स्क्लूटबाईंचा मोठा गुण हा कीं, त्या शास्त्रज्ञांस खलपुरुष करीत नाहींत, आणि कुटुंबास देव्हाऱ्यांतही बसवीत नाहींत. माणसें जशीं बोललीं तशीच त्यांची भाषा त्यांनीं ठेविली आहे. मुलगी डेबोरा प्रयोगशाळेंत आईच्या पेशी प्रथम पाहते, तें प्रकरण तर विसरूं म्हटल्यास विसरतां येत नाहीं.

दोष दाखवावयाचा तर, विभाजनाचा बांध कां फुटला हें त्यांनीं फार थोडक्यांत आटोपलें आहे. हें विवेचन अधिक हवें होतें. कारण त्यावांचून 'अमर' हा शब्द वाचकाची फसगत करतो. जगलें तें हेन्रिएटेचें जीवन नव्हे. ज्या विकारानें तिचा प्राण घेतला, तोच विकार त्या पेशींस थांबूं देत नाहीं.

तथापि, ज्यांच्या घरांतून तपासणीसाठीं रक्त वा मांसाचा तुकडा कधीं ना कधीं बाहेर जातो, अशा सर्वांनीं हें पुस्तक वाचावें. २०२३ सालीं वारसांची एका मोठ्या कंपनीशीं तडजोड झाली व हिशेब कांहींसा चुकता झाला. पण १९५१ सालीं एक शब्द विचारावयास कोणास कांहीं खर्च येणार होता काय?